दुप्पट साखर

नेपरव्हिलमधला आमचा शेजारी तळघरात बिअर बनवतो आणि ओळखीच्यांना वाटतो. कौतुक केलं की एवढंच म्हणतो, "अजून एक आठवडा ठेवायला हवी होती." बाटलीत गॅस धरावा म्हणून लागणारी चिमूटभर साखरही तो काट्यावर मोजून घालतो.

जानेवारीतल्या एका सकाळी तो बर्फातून घरातल्या चपलांवरच आला. हातात जाड टॉवेल होता.

"वहिनी, परवाची बाटली कुठंय? हात लावू नका. मी साखर दोनदा घातली. घरी एक फुटली, काचा भिंतीत रुतल्या."

"अरे, फोन करायचास," बायको म्हणाली.

"फोन केला की लोक बाटली उचलून बघतात."

ओट्यावरची बाटली त्याने टॉवेलात गुंडाळली, आमच्याकडे पाठ केली आणि पोटाशी धरून नेली. अजून पाच घरं बाकी होती.