निळा ड्रम

कॉलेजच्या ट्रेनिंगसाठी मी नगरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात होतो. तिथे पाथर्डीकडचे एक काका रसायनांचे रिकामे निळे ड्रम धुवायचे. धुऊन झालं की कुठे तडा नाही ना, हे कळायला ड्रमवर टकटक करून कान लावायचे.

एकदा प्रदूषण मंडळाचे साहेब तपासणीला आले.

"रिकामे ड्रम सगळे रसायनवाल्यांकडे परत जातात," मॅनेजर म्हणाले.

"जायलाच हवेत. कितीही धुतले तरी विष राहतंच," साहेब म्हणाले.

बाजूलाच ड्रम घासणाऱ्या काकांचा हात थांबला. "साहेब, एक माझ्या घरी हाय. दिवाळीला हितूनच मिळाला हुता. नातवंडं त्यातलंच पानी पित्यात."

मॅनेजरांनी डोळे वटारले. नोकरी जाईल, हे काकांना कळत असणारच.

"आजच ओतून टाका," साहेब म्हणाले.

"ओततो. पन टँकर आल्यावर पानी कशात घिऊ?"

म्हणतच काका गेटकडे निघाले. सुट्टीला अजून बराच वेळ होता.