बाबांच्या खुर्चीएवढं दार

मंडळी, स्वतः बसवलेलं दार आज दुपारी मी स्वतःच उखडलं.

लोणावळ्यात आमच्या घरामागे बागेची अवजारं ठेवायला मी तीन रविवार खपून पत्र्याची छोटी शेड बांधली. बाग बाबांची. पण गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायू झाला, तेव्हापासून ते व्हीलचेअरवर आहेत.

आज दाराला कडी बसवली. जवळच्या औंढे गावातून शेणखत घेऊन आलेले किसनआबा बघत उभे राहिले.

"ताई, शेड लय भारी झाली. पर भाऊंची खुर्ची हितनं कशी जायची?"

मी वितीने दाराची रुंदी मोजली आणि पेचकस उचलला. शेजारीच खुर्चीत बसलेले बाबा घाईघाईने म्हणाले, "अगं, मी बाहेरूनच बघेन की. मोडू नकोस, एवढी राबलीस."

म्हणजे त्यांच्या ते आधीच लक्षात आलं होतं, आणि माझ्यासाठी ते गप्प राहिले होते.

मी स्क्रू काढायला घेतले, आबांनी चौकट धरली. संध्याकाळपर्यंत दार रुंद झालं. बाबा एका हाताने चाक ढकलत, पायाने रेटत आत गेले. खुरपी, कात्री, सगळं त्यांनी हाताला येईल एवढ्या उंचीवर लावून घेतलं. मग म्हणाले, "उद्या गुलाब छाटतो."

घरच्यांसाठी काही करताना तुम्ही त्यांना आधी विचारता का? मी विचारलं नव्हतं.