बंबाचा गिअरबॉक्स

मी शहागडहून पुण्याला शिकायला निघाले, तेव्हा माझे वडील, अण्णा, गॅरेजातून तसेच उठून हायवेवर आले होते. हात ग्रीसनं काळे, म्हणून माझी बॅग त्यांनी कोपरानंच बसच्या पायरीवर ढकलली. "पोचली की फोन कर. न्हाई केला तरी मी करतोच," म्हणाले. बस गोदावरीच्या पुलावर चढली. खाली पाणी इतकं स्थिर होतं, की मी चाललेय की शहागडच मागं सरकतंय, हे कळेना.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मेकॅनिकल घेतलं ते अण्णांमुळं. पण वर्गात मी बोलतच नसे. दुपारच्या लेक्चरला डोळे जड झाले की त्यांच्या हातोडीची टकटक कानात यायची. दोन भागांच्या सांध्यात बसवायचा पॅकिंगचा कागद अण्णा कात्रीनं कापत नाहीत. त्या लोखंडी भागावरच कागद धरून कडेकडेनं हळू ठोकत जातात, आणि आकार आपोआप सुटून येतो.

यंदा उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. तीर्थपुरीच्या रहीमचाचांनी लिलावात विमानतळावरचा जुना आगीचा बंब घेतला होता. त्याचा पाण्याचा टँकर करून त्यावरच ते घर चालवत. ट्रक ऑटोमॅटिक, त्याला क्लचचं पेडलच नाही. आता इंजिन नुसतं गुरगुरायचं, गाडी जागची हलत नव्हती.

"न्हाई झालं तर चाचा भंगारात देतो म्हणतेत," अण्णा म्हणाले. "असला गिअरबॉक्स मी कधी खोलला न्हाई. नंबरची पट्टी बी गंजून गेलीय. तू शिकून राह्यली ना, बाई?"

मी "हो" म्हणाले. खरं तर मीही तो फक्त चित्रात पाहिला होता.

मी कॉलेजातल्या सरांना विचारलं. ते म्हणाले, नंबर नसेल तर तळाच्या तेलाच्या चेंबरचा आकार बघ, त्यावरून ओळखता येतो. मी अण्णांना तसं कळवलं. दोन दिवसांनी ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडून कागदाची गुंडाळी आली. ठोकून काढलेला आकार, बोल्टची एकवीस भोकं, डिझेलचा वास. लॅबमधल्या पुस्तकातल्या एकाही चित्राशी तो जुळेना. मी नुसती त्यावर हात ठेवून बसले. मग लक्षात आलं: अण्णांनी चेंबर काढून त्यावर वरून कागद ठोकला होता, आणि पुस्तकातली चित्रं गाडीखाली झोपून वर बघितल्यासारखी होती. मी कागद पालथा केला. एकेक भोक जुळलं.

पुस्तकाच्या त्याच पानावर तेलाचंही लिहिलं होतं. मी फोन लावला.

"अण्णा, यात तेल कोणतं होतं?"

"मीच बदललं की मागल्या महिन्यात. नव्वद नंबरचं, जाड. गिअरमधी दुसरं काय टाकतेत?"

मी पुस्तकातली ओळ पुन्हा वाचली. मग सांगितलं, की याला पातळ लाल तेल लागतं. जाड तेलानं आतल्या प्लेटा घसरून जळल्या असतील.

पलीकडे पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग अण्णा फोन न ठेवताच कुणाशी तरी बोलताना ऐकू आले. "चाचा, चूक माझीय. गाडी मीच बिघडवली. दुसरीकडं न्यायची तर न्या."

"अरे, सगळं खोलून ठेवलं आन् आता न्या म्हणतो?" चाचा म्हणाले. "खांद्यावर नेऊ काय? तूच बसव आता, बराबर."

नव्या प्लेटा आणि सीलं घेऊन मी दोन दिवस गावी गेले. लिंबाच्या सावलीत ताडपत्रीवर सुटे भाग मांडलेले, घमेल्यात लाल तेलात प्लेटा भिजत पडलेल्या. मी पुस्तकातून वाचायची, अण्णा बसवायचे. दर वेळी विचारायचे, "आता कोणती?" माझ्या वडिलांनी मला असं विचारावं, याची मला आधी लाज वाटली, मग वाटेनाशी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी चाचांनी गिअरची दांडी ओढली आणि ट्रक हलकेच, झोपेत कूस बदलल्यासारखा, पुढं सरकला. अण्णा त्याच्या शेजारून चालत राहिले.

गावी असलेल्यांना आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांना घर म्हणजे काय वाटतं, मला ठाऊक नाही. माझं मला नीट सांगताही येत नाही. पण परवा वर्गात मी पहिल्यांदा हात वर केला. "सर, मला न्हाई कळलं," तोंडातून गावचंच निघालं. मागं कुणीतरी हसलं. सरांनी फळा पुसला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. तेवढा वेळ मी घरी, त्या लिंबाच्या सावलीत होते.