पालथं घातलं की थांबणारी घरघर

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. लेक नीला बाळंतपणाला रत्नागिरीत आमच्याकडे आली होती. नातू जेमतेम पंधरवड्याचा, आणि त्याच्या श्वासाला एक घरघर... पाळण्यात ठेवला की सुरू.

"कफ आहे, जाईल," सगळे म्हणाले. मला पटेना. शाळेतल्या कविता अजून चालीवर म्हणणारा माणूस मी... ओळ कुठे अडखळते ते कानाला आधी कळतं. हा श्वास आत घेतानाच अडखळायचा. दूध पितानाही मध्येच तोंड सोडून धापा टाकायचा.

पहिला संशय धुरीवर. ती बंद करायला लावली. मग डासांच्या अगरबत्तीवर... घरघर होतीच.

"अहो, बाळ आहे ते, कविता नव्हे. त्याच्यात कसली चाल शोधताय?" आमची ही वैतागली.

बाळाला न्हाऊ घालायला सुमनताई यायच्या. न्हाणीत घरघर थांबायची. "माझ्या कढत पाण्याची वाफ हो आजोबा!" त्या ऐटीत सांगायच्या. एके दिवशी पाणी अजून तापायचं होतं. तेल लावायला म्हणून त्यांनी पाय पसरून बाळाला पायांवर पालथं घातलं... आणि घरघर बंद. मग वाफ कुठे होती?

"उताणं करा बघू," मी म्हटलं. सुरू. "आता पालथं." बंद.

"पोर आहे की रेडिओ, आजोबा?" सुमनताई हसल्या. नीला मात्र हसली नाही.

तसाच दवाखाना गाठला. स्वरयंत्र नाजूक असलं तरी असं होतं, डॉक्टर म्हणाले, पण याचं वजन वाढत नाहीये. घशात दुर्बीण घालून बघायला हवं, कोल्हापूरला. आता संशय डॉक्टरांवरच... एवढ्याशा घशात दुर्बीण? यांचं तिथे काही साटंलोटं तर नाही? तरी निघालो. नीलाने वाटभर त्याला कुशीवरच धरला होता.

दुर्बिणीत दिसली... जिभेच्या मुळाशी जन्मतःच असलेली पाण्याची गाठ. बाळ उताणं झालं की श्वासाच्या वाटेवर टेकणारी. ऑपरेशन तोंडातूनच झालं, बाहेर एक टाकासुद्धा नाही. कोल्हापूरच्या डॉक्टरांचे हात धरले मी, आणि रत्नागिरीच्या डॉक्टरांचे परतल्यावर. ऑपरेशननंतर नातू मोठ्याने रडला, चांगला उताणा पडून... आणि आम्ही सगळे ऐकत उभे.

पुढे शाळेत जायला लागल्यावर एकदा तो कविता म्हणून दाखवत होता. ओळीच्या ऐन मध्यावर थांबून श्वास घेतला. "चूक दाखवा की त्याला," ही म्हणाली.

नाही दाखवली... घेऊ दे, हवा तिथे.