चुन्याच्या बोटानं रंगली लग्नपत्रिका

बायांनो, झाली का जेवणं? आज आमच्या घरी जे झालं ते सांगितल्याशिवाय मले चैन नाही.

माझ्या नातीचं, पल्लवीचं लग्न हाय. खर्च नको म्हणून पत्रिका घरीच करून राहिली. पांढऱ्या कागदावर बॉलपेननं छान लिहिल्या. तिची आई, म्हणजे माझी सून, पाहून म्हणते, "हे तं तेरवीचं बोलावणं वाटते वं. संध्याकाळपर्यंत सुधारलं तं ठीक, नाही तं छापखान्यात देतो."

पोरगी रडकुंडीले आली. मी म्हटलं, हळदीचं पाणी फिरवून पाहू. गच्चीवरच्या उन्हात कागद लगेच वाळले, पिवळे झाले. मी कोपऱ्याले कुंकू लावाले बसली, तं कुंकवाच्या आधीच माझ्या बोटानं लाल ठिपका उमटला. नुकतंच पान खाल्लं होतं, बोटाले चुना होता. पान मी जेवल्यावर एकच खाते, खोटं नाही सांगत.

"आजी, हे काहून झालं?"

मले काय ठाऊक? पण मग काडीनं चुना घेऊन मी मोर काढला, तिनं तोरण काढलं. सगळं लाल.

रोज पानावरून मले बोलणारी सून बराच वेळ उभी राहून पाहत होती. मग बाजूले येऊन बसली. "आई, ती चुन्याची डबी इकडं द्या बरं."

एक पत्रिका खिडकीत ठेवली हाय, रंग टिकते का पाहाले. आता छापखान्यात कोणी जात नाही. तुमच्यापैकी कोणाले ठाऊक हाय का, हळद चुन्यानं लाल काहून होते?