लासुर्ण्याच्या उसात घुमलेली हाक

तुमच्या या सदरातले अनुभव मी वाचतो आणि प्रत्येकाच्या खाली मनातल्या मनात औषध लिहितो. खोटं कशाला सांगू! उभा जन्म माणसांची डोकी तपासण्यात गेला. अंगात आलं, झपाटलं, करणी केली... असलं काही घेऊन कुणी आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला – "झोप नीट लागते का?" भूत-भानामतीवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आजही नाही. तरी हे लिहितोय, कारण यातला अर्धा भाग माझ्या डोळ्यांदेखत घडला आणि उरलेला अर्धा अजून माझ्या डोक्यात बसत नाही.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. मी इंदापूर तालुक्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. मुंबईत डॉक्टर झालो, पुढं मनोविकारांचं शिक्षण घेतलं, आणि पुण्यात बस्तान बसवायचं सोडून बारामतीत दवाखाना थाटला. लोक हसले. 'येड्यांचा डाक्टर' असं नाव पडलं. पडू दे! त्या भागात हे काम करणारा मी एकटा होतो आणि मला त्याचा अभिमान होता... जरा जास्तच होता, असं आमची ही म्हणायची.

एके दिवशी दवाखान्यासमोर जीप थांबली आणि बाकावरचे पेशंट एकेक करून उठून गेले. रंगराव आले होते.

रंगराव म्हणजे दादा. तेव्हा दारूबंदी होती, आणि इंदापूर ते बारामती ओढ्याकाठच्या साऱ्या हातभट्ट्या त्यांच्या. पदरी कुऱ्हाडी बाळगणारी माणसं. आणि आवाज असा, की या काठावरून हाक दिली तर पलीकडच्या वस्तीवरची जनावरं कान टवकारायची. तो आवाजच गेला होता. समोर बसले आणि कुजबुजले, "पुन्याला दावलं. गळ्यात कायबी न्हाय म्हनले. मग डोस्क्यात आसंल म्हून तुमच्याकडं आलो."

मी त्यांना खोकायला सांगितलं. खोकले – खणखणीत! माझं निदान तिथंच झालं. खोकल्याला आवाज आहे म्हणजे गळा शाबूत आहे, फक्त बोलताना तो गप्प होतोय. असे पेशंट मी शिकताना पाहिले होते. गळ्याला विजेचा हलका झटका द्यायचा, "बोला आता!" म्हणून दरडावायचं, की पुष्कळदा जागेवर आवाज येतो. झटक्याचं यंत्र माझ्या कपाटात होतं.

पण मी आधी विचारलं, "आवाज गेला तेव्हा काय बोलत होता?"

 त्यांनी आपला उजवा हात असलेल्या नाम्याला बाहेर पाठवलं आणि सांगितलं. त्यांच्या धाकट्या बहिणीचा, यमुनाबाईंचा नवरा सर्जेराव, राहणार लासुर्णे. आधी रंगरावांच्याच धंद्यात होता. त्यानं भट्ट्यांच्या जागा फौजदाराला दाखवल्या. टोळीत याला एकच शिक्षा. आणि टोळीची रीत अशी, की जिवाचा हुकूम दादानं स्वतःच्या तोंडानं द्यायचा – सगळ्यांसमोर, हातात बेलभंडार घेऊन. बेलाचं पान आणि खंडोबाची हळद हातात धरून मोठ्यानं बोललेला शब्द कुणी मोडायचा नाही. खूण चालत नाही, कुजबूज तर नाहीच नाही. रंगरावांनी बेलभंडार उचलला, तोंड उघडलं, आणि सर्जेरावचं नाव बाहेर पडेना. तेव्हापासून हे असं.

मी म्हणालो, "रंगराव, आवाज मी आणू शकतो. पण आधी मला सांगा, आवाज आला की पहिला शब्द काय बोलणार?"

त्यांनी माझ्याकडं रोखून पाहिलं. खुर्ची लाथाडून निघून गेले.

सर्जेरावच्या जिवाला धोका आहे हे काही गुपित नव्हतं. सारा तालुका जाणून होता. फौजदारानं त्याला गाव सोडायला सांगितलं होतं, तो पठ्ठ्या म्हणाला, "पळून जायला मी चोर हाय व्हय?" रोज भर दुपारी त्याच बैलगाडीनं, त्याच उसातल्या वाटेनं शेतावर जायचा. त्याच्यात आणि कुऱ्हाडीत फक्त रंगरावांचा बसलेला गळा उभा होता.

रंगराव पुन्हा आले. मग येतच राहिले. आल्यावर भांडायचे. एकदा पेरूची पाटी पाठवली, मी ती परत धाडली. तर तरातरा येऊन कुजबुजले, "रंगरावची भेट माघारी धाडनारा अजून जल्माला यायचाय!" एवढा मोठा दम आणि तो असा कानगोष्टीसारखा... मला हसू फुटलं. तेही हसले. हसण्याला आवाज होता बरं का! मी तो दाखवून दिला, तर लगेच चिडले.

आई गेली तेव्हा यमुना रांगत होती. तिला यांनीच वाढवलं. "बांधावरनं हाक मारायचो, 'यमेऽऽ' म्हून. कुठंबी आसली तरी पळत यायची पोरगी," हे सांगताना त्यांचे डोळे भरायचे. आणि त्याच दिवशी यांच्याच दारूनं डोकं फिरलेला एखादा तरणा गडी माझ्या बाकावर थरथरत असायचा. मला हा माणूस आवडत होता आणि त्याचा संतापही येत होता. दोन्ही मी त्यांना तोंडावर सांगितलं. त्यांनी विचारलं, "डाक्टर, मी येडा हाय का?" मी म्हणालो, "येडे असता तर हुकूम कधीच देऊन मोकळे झाला असता."

नाम्या एकदा एकटाच आला. दारात उभं राहून म्हणाला, "दादाचा आवाज कवा येनार? न्हायतर आमाला दुसरा दादा बघावा लागंल." म्हणजे आवाज आला तर सर्जेराव जाणार, नाही आला तर रंगराव. यंत्र हाताशी होतं. मी कपाट उघडलं नाही. आमची ही म्हणाली, "अहो, तुम्हाला काही झालं तर?" झालं तर झालं! माणूस बरा करायचा तो खून करायला नव्हे. ही गोष्ट आजही मी ताठ मानेनं सांगतो.

मग तो दिवस. बाजारचा दिवस, भर दुपार, बाहेर ही गर्दी. रंगराव माझ्यासमोर बसलेले. नाम्या आत आला आणि टोपी सारखी करत म्हणाला, "दादा, काम लावलंय. तुमी मला एकट्याला हुकूम दिला आसं सांगितलं पोरांस्नी. कुरकुरली, पर गेली लासुर्ण्याला. एव्हाना उसात बसली आसत्याल."

रंगराव उठले. 'थांबव' म्हणायला तोंड उघडलं – आणि काही नाही! मानेच्या शिरा तटतटून फुगल्या, चेहरा काळानिळा झाला. लासुर्णं आठ कोसावर. जीप कितीही हाणली तरी सर्जेरावची गाडी त्याआधी उसात शिरणार होती. त्यांनी खिशातून भंडाऱ्याची पिशवी ओढून काढली, मूठ भरली, मूठ कपाळाला लावली आणि खिडकीकडं तोंड करून ओरडायला लागले... बिनआवाजाचं ओरडणं. मी इतकी वर्षं माणसं पाहिली, पण तसं कुणी ओरडताना पाहिलं नाही. त्यांचे ओठ मला स्पष्ट वाचता येत होते. "सर्जाऽऽ, माघारी फिर! बेलभंडाराची आण हाय, हत्यारं टाका!" पुन्हा पुन्हा तेच. खोलीत मात्र बाहेरच्या बाजाराचा गलका तेवढा ऐकू येत होता. नाम्या भिंतीला टेकला, पांढराफटक. शेवटी रंगराव खाली कोसळले. माझं टेबल हळदीनं पिवळं झालं.

मी त्यांना उचलून जीपमध्ये घातलं. नाम्यानं गाडी हाणली.  रंगराव सगळा रस्ता माझा हात धरून बसले होते, आणि मी, इंग्रजी पुस्तकं कोळून प्यालेला डॉक्टर, मनातल्या मनात 'येळकोट येळकोट' म्हणत होतो. हसा खुशाल.

लासुर्ण्यात शिरलो तर सर्जेरावच्या अंगणात गर्दी. मी उतरून पुढं घुसलो. गर्दी बाजूला झाली... आणि सर्जेराव बाजेवर बसून पाणी पीत होता. धडधाकट! यमुनाबाई तरातरा पुढं आल्या आणि थेट भावावर कडाडल्या, "अण्णा, बांधावरनं एवढा वरडलास आन मग गेलास कुठं? घरला यायला लाज वाटली व्हय रं?"

माझ्या तोंडून एवढंच निघालं, "काय ओरडले?"

"ह्यांची गाडी उसात शिरत हुती. मी मागनं भाकरी घिऊन. तवर अण्णाची हाक आली, 'सर्जा, माघारी फिर!' अण्णाचा आवाज मी वळखनार न्हाय? बैलंबी थांबली बगा."

हाक शेजारच्या वस्तीवर ऐकू आली होती. ऊसतोड करणाऱ्या बायकांनी ऐकली होती. आणि मारेकऱ्यांनीही! दादांना शोधत ते उसातून इथवर आले होते आणि खाली माना घालून गोठ्यापाशी बसले होते, कुऱ्हाडी सर्जेरावच्या अंगणात पडलेल्या. त्यातला एकजण म्हणाला, "दादा, तुमी बेलभंडाराची आण घातली, मंग आमी काय करनार? पर तुमी दिसला न्हाय कुठं." नाम्यानं मांडीवर थाप मारून आणाभाका घेतल्या की दादा तेव्हा बारामतीत दवाखान्यात होते. कुणी विश्वास ठेवला नाही. मीही शपथेवर सांगितलं. यमुनाबाई म्हणाल्या, "डाक्टरसायेब, येड्यांच्या संगतीनं तुमालाबी येड लागलं."

तेवढ्यात रंगराव पुढं झाले. बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बोलले, "यमे..." घोगरा, फाटका, पण आवाज! सगळ्यांनी ऐकला. मी तिथं सगळ्यांदेखत रडलो.

रंगराव काही संत झाले नाहीत. पण भट्ट्या स्वतःच्या हातानं फोडल्या, फौजदारापुढं उभे राहिले, सजा भोगून आले आणि लासुर्ण्यात बहिणीच्या शेजारी बाग लावली. पुन्हा पेरूची पाटी आली, ती मात्र मी ठेवून घेतली. शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून खिलवली – माझ्या पेशंटच्या बागेतले पेरू आहेत म्हणून.

एवढे लोक एकाच वेळी एकच भास ऐकतील? मारायला बसलेली माणसं भासावर कुऱ्हाडी टाकतील? खूप पुस्तकं पालथी घातली, मोठमोठ्या डॉक्टरांना विचारलं. ते माझ्याकडं पाहून विचारायचे, झोप नीट लागते का. घ्या!

रंगराव थकले तेव्हा शेवटचा भेटायला गेलो होतो. म्हणाले, "डाक्टर, तुमी इचारलं हुतं, पयला शब्द काय बोलनार. कळलं का न्हाय?"

"कळलं," मी म्हणालो. "पण रंगराव, खरं सांगा. त्या दिवशी तुमच्या तोंडून आवाज निघाला होता का हो?"

"तुमी समोर हुता. तुमीच सांगा."

"माझ्यासमोर नाही निघाला."

ते बागेकडं बघत राहिले. "मलाबी ऐकू आला न्हाय," म्हणाले. "पर सर्जा माघारी फिरला न्हवं? मंग मी बोललोच आसनार."