थापांची शिकवणी

थाप मारल्याशिवाय वसईच्या जुडिथला चहा जात नाही. दोहातल्या एका हॉटेलच्या स्पामध्ये ती रिसेप्शनवर, मी अकाउंट्सला, म्हणून मला माहीत. तेल संपलं की "हमद पोर्टवर जहाज अडकलंय मॅडम," असं ती गिऱ्हाइकाला इतक्या गंभीरपणे सांगते की मलाही ते जहाज खरं वाटायला लागतं.

लान व्हिएतनामची, मेकाँगकाठच्या गावची. ती आमच्या स्पात गिऱ्हाइकांची नखं रंगवायची. असंच काहीतरी ऐकून ती एकदा हसत म्हणाली, "साओ!" म्हणजे थापा. जुडिथ जाम खूश. मग तिने त्या शब्दाचं सगळं खानदानच शिकून घेतलं. 'नोय योय' म्हणजे खोटं बोलणं, 'या वो' म्हणजे सोंग करणं, 'लुआ' म्हणजे फसवणं. हा शेवटचा शब्द लान थट्टेत कधी वापरायची नाही; तो तिने स्वतःला इथे आणणाऱ्या एजंटसाठी राखून ठेवला होता. बाकीचे शब्द दोघी जेवताना एकमेकींवर फेकायच्या. लान तिला 'ची' म्हणायची, म्हणजे ताई.

तेतला, म्हणजे तिकडच्या नव्या वर्षाला, लानला घरी जायचं होतं. आजीकडे वाढणाऱ्या लेकीला, वीला, तिने तसं कबूलही केलं होतं. मॅनेजरपुढे लानची बोबडी वळायची, म्हणून रजेचं बोलणं जुडिथने अंगावर घेतलं. पण साहेबांचा मूड बघून ती रोज उद्यावर ढकलत राहिली. लानने विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं, "सांगितलंय गं. होऊन जाईल, इन्शाल्ला." समोरच्याचं तोंड पडू नये म्हणून आपण म्हणतो ना, तसलं 'हो'. लानने वीसाठी लाल फ्रॉकसुद्धा घेऊन ठेवला. रजा दुसऱ्याच मुलींना मिळाल्या. मला आजही जुडिथचा संताप येतो. दोन वाक्यं तर बोलायची होती!

तेतच्या दिवशी लान पॅन्ट्रीत व्हिडिओ कॉलवर होती. जुडिथ चहा घ्यायला आत गेली तेवढ्यात फोनमधून वी किंचाळली, "मा नोय योय!" आई खोटं बोलते. पॅन्ट्रीत आणखी चारपाच जणी होत्या, मीही होते. आम्हाला तेव्हा काही कळलं नाही. जुडिथच्या हातातला कप मात्र खाली ठेवला गेला.

"लान, मी साहेबांशी बोललेच नव्हते गं," ती म्हणाली. "चूक माझी आहे. दे, मी सांगते तिला."

लानने फोन जुडिथपुढे धरला. स्क्रीनवर रडून सुजलेला एवढासा चेहरा, वाट बघणारा.

तुझी आई खरं बोलत होती, एवढंच सांगायचं होतं. खोट्याचे सगळे शब्द जुडिथला येत होते. खऱ्याला काय म्हणतात, ते तिने कधी विचारलंच नव्हतं.

"मा..." म्हणून ती थांबली. वीने थोडा वेळ पाहिलं आणि कॉल कापला.